गाडी ऑइल खातीय म्हणतोस, पण मोजलंस का?

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी रात्री बारक्या कट्ट्यावर आला आणि गाडीतनं उतरलाच नाही, काच खाली करून नुसता बसून राहिला, आम्हाला वाटलं घरात काहीतरी झालंय. मग म्हणाला, "दाजी, गाडी ऑइल खातीय."

गाडीचं नाव लिहीत नाही. दोन लिटर टर्बो पेट्रोल, अडीचशेच्या वर हॉर्सपॉवर, दोन महिन्यांची, १८७० किलोमीटर झालेली. बारक्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांबरोबर धंदा बघतो, नऊ वर्षं या गाडीसाठी पैसे बाजूला टाकत होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं त्याचा चेहरा बघून कुणी हसलं नाही. झालं असं की गोव्याहून येताना आंबोलीचा घाट चढून वर आला आणि पिवळा दिवा लागला, ऑइल लेव्हल कमी, टॉप अप करा. ह्यानं आजऱ्यात गाडी थांबवून सर्व्हिस सेंटरला फोन लावला, तिकडनं उत्तर, "सर नॉर्मल आहे, परफॉर्मन्स गाड्या खातात थोडं, एक लिटर टाका." डिकीत डबा होता तो ह्यानं सगळा ओतला. दिवा गेला, पण डोक्यातली भीती काय गेली नाही.

बापू लगेच सुरू झाला. बापूचं म्हणणं आम्ही दहा वर्षं ऐकतोय, नवं इंजिन पहिल्या दिवसापासून दाबायचं, नाहीतर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसत नाहीत. "तू हजार किलोमीटर म्हातारीसारखी चालवलीस गाडी, दोन हजार आरपीएमच्या वर काटा गेला नाही तुझा, आता ती ऑइल खाणारच की!" मास्तर (पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवतात) म्हणाले की मॅन्युअल ज्यांनी लिहिलंय त्यांनी हजारो इंजिनं टेस्ट बेडवर चालवलीत, बापूनं किती चालवली? आणि तिथनं जी जुंपली ती साडेअकरापर्यंत.

मला विचाराल तर दोघांच्याही बोलण्यात अर्धं अर्धं खरं आहे, आणि ते नीट जुळवून सांगितलं दाजींनी. दाजींची उभी हयात होनिंग मशीनवर, म्हणजे सिलिंडर आतनं घासणाऱ्या मशीनवर गेली. ते म्हणाले, बोअरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते रे, आम्हीच मुद्दाम तिरक्या रेघा मारतो, क्रॉसहॅच, त्या रेघांच्या खाचेत ऑइल धरून राहतं. रेघा मारल्या की शिखरं पण राहतात आणि दऱ्या पण. पूर्वी ती शिखरं रिंगेनं घासून घासून जायची, म्हणून जुन्या गाड्यांना तेवढं लांबलचक रनिंग, म्हणजे नवं इंजिन घासून बसायचा काळ, लागायचं. आता प्लॅटो होनिंग करतात, म्हणजे शिखरं फॅक्टरीतच कापून टाकतात, दऱ्या तेवढ्या ठेवतात, आणि ड्रॉइंगवर शिखरं किती (आरपीके), दऱ्या किती (आरव्हीके) हे मायक्रॉनमध्ये दिलेलं असतं, त्याबाहेर गेला की पीस रिजेक्ट. म्हणजे निम्मं रनिंग गाडी शोरूमला यायच्या आधीच झालेलं असतं.

"मग उरलेलं निम्मं?" बारक्या.

"उरलेलं तुझ्या पायात."

आणि इथं बापूला दाजींनी अर्धे मार्क दिले. रिंग भिंतीला टेकते ती काय नुसत्या स्वतःच्या ताणानं नाही, वर स्फोट होतो त्याचा दाब रिंगेच्या मागच्या फटीत जातो आणि तो तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर लोडच नाही दिला तर तो दाब येत नाही, रिंग नुसती ऑइलवरनं घसरत राहते, आणि भिंतीवर जळक्या ऑइलचा एक चकचकीत थर बसतो, त्याला म्हणायचं ग्लेजिंग. मंगल कार्यालयाचा जनरेटर बघा, मोठा घेतलेला असतो आणि त्यावर चार ट्यूब नि दोन पंखे, वर्षानुवर्षं बिनलोडाचा चालतो आणि मग ऑइल खायला लागतो, काळा चिकट रस एक्झॉस्टमधनं गळतो. उद्यमनगरात असली इंजिनं उघडलेली दाजींनी कैक बघितलीत. तेव्हा नवी गाडी नुसती जपून जपून चालवणं हे काय गाडीवरचं प्रेम नव्हे.

बापू खूश झाला, पण मास्तर सोडतायत होय. ते म्हणाले, लोड द्या आणि रेडलाइनला न्या ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू दोन्हींची एकच भाजी करतोस. आणि त्यांनी नावं घेऊन सांगितलं. स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये पहिले १५०० किलोमीटर रनिंगचे, त्यातल्या पहिल्या हजारात कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशाच्या वर जायचं नाही, फुल थ्रॉटल नाही, मग पुढच्या पाचशेत हळूहळू वाढवायचं. मर्सिडीजच्या एएमजीला १५०० किलोमीटरपर्यंत ४५०० आरपीएम आणि १४० चा स्पीड. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २००० किलोमीटरपर्यंत ५५०० आरपीएम आणि १७०. आता ५५०० म्हणजे काय म्हातारीचं चालवणं झालं का? कंपनी स्वतःच सांगतेय की इंजिनाला काम करू दे, फक्त टोकाला नेऊ नको. आणि हे नुसतं रिंगांसाठी नाही, बेअरिंगं आहेत, गिअरबॉक्स आहे, डिफरेन्शियलचे दात एकमेकांत बसायचेत, ब्रेक पॅड पहिल्या दोनशे किलोमीटरला पूर्ण लागत नाहीत, नव्या टायरला पहिले पाचशे किलोमीटर पुरती पकड नसते, ते बापूच्या थिअरीत कुठं आहे?

बापूनं मग दुसरा पत्ता टाकला, फॅक्टरीचं ऑइल पाचशे किलोमीटरला काढून टाकायचं, त्यात लोखंडाची भुकटी असते. यावर मला मजा वाटली कारण ह्याचं उत्तर गाडीगणिक बदलतं. एम गाड्यांना २००० किलोमीटरला रनिंग-इन सर्व्हिस सक्तीची आहे, इंजिन ऑइल नि डिफरेन्शियलचं ऑइल दोन्ही बदलतात. उलट होंडा आपल्या मॅन्युअलमध्ये सांगते की पहिलं ऑइल वेळेआधी काढू नका. म्हणजे गल्लीतल्या एका नियमानं सगळ्या गाड्या हाकता येत नाहीत, ज्याची त्याची पुस्तिका उघडावी लागते, आणि आपल्याकडं पन्नास लाखाची गाडी घेणारा माणूससुद्धा ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतनं बाहेर काढत नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग बारक्यानं मुद्द्याचा प्रश्न विचारला. सर्व्हिसवाला म्हणतोय हजार किलोमीटरला अर्धा लिटर नॉर्मल आहे. खरं का?

पुस्तिकेत तसं असतं हे खरंय. फोक्सवॅगन ग्रुपच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला ०.५ लिटरपर्यंत आणि पहिल्या ५००० किलोमीटरात त्याहून थोडं जास्त लागू शकतं असं छापलेलं आहे. टोयोटानं अमेरिकेत ऑइल खाणाऱ्या कॅमऱ्या तपासताना १२०० मैलाला एक क्वार्ट ही रेघ धरली होती, हिशेब केला तर तेही जवळजवळ तितकंच, हजार किलोमीटरला अर्धा लिटर. पण माझं म्हणणं मी कट्ट्यावर मांडलं ते इथं पण मांडतो. बारक्याच्या चेंबरमध्ये साडेपाच लिटर ऑइल बसतं आणि सर्व्हिस १५००० किलोमीटरला आहे. अर्ध्या लिटरच्या हिशेबानं पंधरा हजारात साडेसात लिटर जाईल, म्हणजे चेंबरमधलं सगळं ऑइल जळून वर आणखी दोन लिटर. ह्याला कुणी तब्येत चांगली म्हणेल का? ती रेघ वॉरंटीची आहे, त्याच्या पलीकडं गेलं तरच कंपनी इंजिन उघडणार एवढाच तिचा अर्थ, अलीकडं आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं ती सांगत नाही. ऑडीच्या २००९ ते २०११ च्या दोन लिटर टर्बो ए-फोर आठवा, त्यातल्या ऑइल रिंगांचा घोळ होता, मालकांना आधी हेच ऐकवलं जायचं, शेवटी अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि पिस्टन नि रिंगा बदलून द्याव्या लागल्या. (माझदा आरएक्स-८ सारखं रोटरी इंजिन असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पंपानं मुद्दाम ऑइल आत सोडतात, ते जळायलाच असतं.)

"म्हणजे माझ्या इंजिनात घोळ आहे?" बारक्याचा आवाज बसला होता.

दाजी उठले. "आधी ऑइलची पट्टी बघू." बारक्या बॉनेट उघडायला गेला तर दाजींनी हात धरला, म्हणाले इथं नको, आपला कट्टा उताराला आहे दिसत नाही का. खरंच की, आम्ही इतकी वर्षं तिथं बसतोय आणि बारक्या दर दोन दिवसांनी तिथंच पट्टी बघायचा, आणि तेही गाडी बंद केल्या केल्या, ऑइल वर हेडमध्ये असतानाच! मग सगळे दोन गाड्यांत भरून पेट्रोल पंपावर, तिथली काँक्रीटची सपाट जागा, गरम इंजिन, बंद करून पाच मिनिटं थांबलो, पट्टी पुसली, परत घातली, काढली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या चांगलं वर.

म्हणजे दिवा लागला तेव्हा एक लिटर कमी नव्हतंच. आणि जास्त भरलेलं ऑइल हे कमी ऑइलइतकंच वाईट, क्रँक त्यात आपटून फेस करते, बाष्पाबरोबर ते ब्रीदरमधनं (इंजिनातल्या वाफा बाहेर काढायची नळी) इनटेकला जातं आणि जळतं, मग माणूस म्हणतो गाडी ऑइल खातीय आणि परत ओततो. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला विष आहे ते वेगळंच. बापूनं तेवढ्यात "जाड २०डब्ल्यू-५० घाल, खायचं थांबेल" असं सांगून बघितलं, त्यावर मास्तर इतके चिडले की चहा तसाच राहिला. टर्बोची बेअरिंगं आणि कॅमची वेळ मागंपुढं करणारी हायड्रॉलिक यंत्रणा पातळ ऑइल धरून बनवलीय, पुस्तिकेतला अप्रूव्हल नंबर डब्यावर दिसला तरच ओतायचं, संपला विषय.

आणि मग मास्तरांनी जे सांगितलं ते मला ह्या सगळ्या चर्चेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी विचारलं, गोव्याच्या आधी गाडी कुठं फिरवलीस? बारक्या म्हणाला घर ते शिरोली, आठ-नऊ किलोमीटर, आणि संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर. म्हणजे जवळजवळ नऊशे किलोमीटर थंड इंजिनाचे. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सुटतं, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सुटणारं) असेल तर ते भिंतीवर बसतं आणि रिंगेवरनं खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर लेव्हल भरलेली दिसते पण त्यात पेट्रोल मिसळलेलं असतं. मग एक दिवस चार तास सलग हायवे, ऑइल नीट तापलं, पेट्रोल उडून गेलं, आणि लेव्हल एकदम खाली. जे गेलं त्यातलं काही ऑइल नव्हतंच. त्यात आंबोलीची वळणं नि चढ, सेन्सरला कुठली सपाटी. गोव्याच्या एका ट्रिपवरनं कुठल्याच इंजिनाला नापास करता येत नाही.

मला हे मनाला लागलं ते वेगळ्या कारणानं. माझ्या भावानं एक जुनी गाडी घेतली होती, दिवा लागला की बघू म्हणून पट्टी कधी काढलीच नाही, आणि जो लागला तो थेट लाल, म्हणजे ऑइलचं प्रेशरच गेलेलं. पिवळा लेव्हलचा, त्यात टॉप अप करायला वेळ असतो, लालला तिथल्या तिथं इंजिन बंद करायचं. भावानं "पुढच्या गावात बघू" म्हणून आणखी सहा किलोमीटर चालवली. इंजिन जाम. दोन वर्षांची बचत गेली, आणि आईला सांगताना त्याचा जो चेहरा झाला होता तोच त्या रात्री बारक्याचा दिसला.

रविवारी सकाळी उद्यमनगरात दाजींच्या ओळखीच्या गॅरेजात पट्टीच्या नळीतनं जादाचं ऑइल ओढून काढलं, मापाच्या जारमध्ये ३५० मिली भरलं, लेव्हल बरोबर मॅक्सच्या खुणेवर आणली. म्हणजे शोरूममधनं मॅक्सला भरून आली असेल असं धरलं तर १८७० किलोमीटरात साधारण साडेसहाशे मिली गेलं, त्यात उडालेलं पेट्रोल धरून. पण धरलं तर! डिलिव्हरीच्या दिवशी पट्टी बघून फोटो काढला असता तर हे "धरलं तर" राहिलं नसतं. बारक्याला वही घेऊन दिली. तारीख, किलोमीटर, तोच पंप, तीच जागा, पाच मिनिटं, फोटो.

चालवायचं ठरलं ते असं. नागपूरला समृद्धीनं क्रूझ लावून जायचा बेत रद्द, कारण तासन् तास एकाच आरपीएमवर गाडी धरणं रनिंगला चांगलं नाही. त्याऐवजी गगनबावड्याचा घाट. इंजिन पूर्ण तापू द्यायचं, पाण्याचा काटा मध्ये आला तरी ऑइल अजून थंडच असतं म्हणून आणखी दहा-पंधरा मिनिटं सबुरी, मग चढाला तिसऱ्या गिअरमध्ये खालनं साडेचार हजारापर्यंत ओढायचं, उताराला पाय काढून इंजिनावर सोडायचं, परत ओढायचं, कधी जास्त लोड कधी कमी. तीन वेळा गेला तो, एकदा मी पण शेजारी होतो, आणि भावांनो ते इंजिन काय ओढतंय, करूळ घाटातनं वर येताना त्याच्या तोंडावर दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू बघितलं मी.

गेल्या रविवारी ६४० किलोमीटर झाल्यावर तोच पंप, तीच जागा. खुणेपर्यंत परत आणायला ११० मिली लागलं. हजाराला काढलं तर पावणेदोनशेच्या आत. बापू म्हणतोय ही घाटाची करामत, रिंगा बसल्या. मास्तर म्हणतायत ६४० किलोमीटरच्या एका नोंदीवर काही म्हणू नको, आणि आधीचा आकडा पेट्रोलमुळं फुगलेला होता. दाजी काही म्हणाले नाहीत, पट्टी पुसून परत घातली आणि ऑइलचा एक थेंब बोटांत चोळून वास घेतला. पेट्रोलचा वास येत नव्हता.

पुढची नोंद तीन हजाराला, पंपवाल्याला सांगून ठेवलंय.