चिनी यंत्रं काढली म्हणून चोरून ऐकणं थांबत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘भारताने चिनी टेलिकॉम यंत्रं हाकलली. आता युरोपीय आणि स्वदेशी यंत्रं आली, तुमचा फोन सुरक्षित.’ नेटवर्कच्या रात्रीच्या अपग्रेडला बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून गप्प राहवत नाही.

‘चिनी यंत्रं हाकलली.’ नाही. 15 जून 2021 पासून टेलिकॉम यंत्रं सरकारने मान्य केलेल्या विश्वासार्ह स्रोतांकडूनच घेण्याचा नियम लागू झाला, तो नव्या खरेदीला. आधी बसवलेली यंत्रं उपटा, असं त्यात नाही. चालू देखभाल करारांनाही हात लावलेला नाही. हुआवे आणि झेडटीई या चिनी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना 5जीच्या बाहेर ठेवलं, ते मात्र योग्यच झालं. चीनचा 2017 चा गुप्तवार्ता कायदा तिथल्या प्रत्येक संस्थेला हेरखात्याशी सहकार्य करायला बांधतो. मालक कितीही सज्जन असो, नाही म्हणायची सोय त्याच्याकडे नाही.

‘युरोपीय यंत्रं आली, आता चिंता नको.’ अथेन्समध्ये काय झालं ते बघा. 2004 च्या ऑलिंपिकच्या सुमारास व्होडाफोन ग्रीस या तिथल्या मोबाइल कंपनीवरचे शंभरहून अधिक फोन कित्येक महिने चोरून ऐकले जात होते, पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचासुद्धा. कॉल जोडणारी यंत्रं, म्हणजे एक्स्चेंज, स्वीडनच्या एरिक्सनची. पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय असते, ती 2003 च्या अपग्रेडबरोबर आली होती. तिच्यावर लक्ष ठेवणारा भाग व्होडाफोनने विकतच घेतला नव्हता. त्यामुळे कोणाचा फोन कधी टॅप झाला, हे दिसायला मार्गच नव्हता. घुसखोरांनी तीच सोय गुपचूप वापरली. बोलणं पलीकडच्या माणसाला ऐकू जायचं, आणि त्याच वेळी प्रीपेड सिमच्या 14 मोबाइलपैकी एखाद्यावरही. जानेवारी 2005 मध्ये घुसखोरांच्याच सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये घोळ झाला, काही एसएमएस पोहोचेनात, तक्रारी आल्या. तेव्हा कुठे शोधाशोध सुरू झाली. त्या तक्रारी आल्या नसत्या तर?

कोणी म्हणेल, ‘अमेरिकेनेही हुआवेला रोखलं, म्हणून ते सुरक्षित.’ 2024 मध्ये सॉल्ट टायफून नावाने ओळखले जाणारे चिनी हॅकर एटी अँड टी आणि व्हेरायझन या अमेरिकी फोन कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरल्याचं उघड झालं. तिथेही ते कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोहोचले होते.

राहिलं ‘स्वदेशी’. 27 सप्टेंबर 2025 ला बीएसएनएलचं देशी 4जी सुरू झालं: कोअर, म्हणजे नेटवर्कचा मेंदू, सी-डॉट या सरकारी संस्थेचा, टॉवरवरचे रेडिओ तेजस कंपनीचे, जुळवाजुळव टीसीएसची. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, आपल्या हातात असणं ही मोठी गोष्ट. पण तपासलेला कोड आणि टॉवरवर प्रत्यक्ष चालणारा कोड एकच आहे, हे ताडून कोण बघणार? ब्रिटनमध्ये बॅनबरीला हुआवेची यंत्रं तपासणारं केंद्र 2010 मध्ये सुरू झालं. त्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाने, नेमकी हीच खात्री देता येत नाही, असं लिहिलं आणि तो अहवाल सगळ्यांना वाचायला खुला केला. टेलिकॉम यंत्रांच्या सुरक्षा चाचणीसाठी बंगळुरूत आपलंही केंद्र आहे. त्यानेही देशी-परदेशी प्रत्येक पुरवठादाराचं नाव घेऊन दर वर्षी असा अहवाल काढावा. रात्री दोन वाजता आमच्या नेटवर्कमध्ये रिमोट लॉगिन, म्हणजे दूर बसून प्रवेश, कोण करू शकतं आणि त्याची नोंद कोणाकडे राहते, हेही त्यात यायला हवं.