'दिवाळीची झेरॉक्स' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ती' या नावाने लिहिणाऱ्या ताई,

नाताळाआधीच्या घरातल्या निवांत दिवसांवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात लिहू नये म्हणून थोडा थांबलो. राग गेला नाही, पण वाक्यं जरा सरळ झाली.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं इथे देतो, नाहीतर मीच उगाच अंगावर धावून येतोय असं वाटायचं. तुम्ही लिहिलंत : "लेख गोड आहे, नको तितका. करंज्या, शंकरपाळी, दारात कंदील. हा कसला नाताळ, ही तर दिवाळीची झेरॉक्स. सगळं घर निवांत बसलंय म्हणता, मग तळतंय कोण? कॅरलवाल्यांनी आमची झोप उडवली ते लिहायचं राहिलं वाटतं. आणि सोलापुरात कडाक्याची थंडी कधीपासून पडायला लागली?"

टीकेचं मला वावडं नाही. शेंगाचटणीवर लिहिलं तेव्हा याहून कडक ऐकून घेतलंय. पण 'गोड आहे, नको तितका' ही काय पद्धत झाली? पाहुण्याने चहाचा एक घोट घ्यावा आणि कप तसाच लांब सरकवून ठेवावा, तसं ते वाचताना वाटलं. नाही आवडला तर नाही आवडला म्हणा. कौतुकाची चिमूट आधी टाकून मग चापट मारायची, याला माझ्या आजीकडे वेगळा शब्द होता. इथे लिहीत नाही.

थंडीचं मान्य. डिसेंबरात रात्री इथला पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ऊन लागतंच. 'कडाक्याची' हे जरा जास्त झालं, नाशिककर हसतील. काढून टाकतो. म्हणजे मी ऐकून घेत नाही असं कुणी म्हणू नये.

आता झेरॉक्स.

ताई, झेरॉक्स काढायला आधी मूळ प्रत हातात असावी लागते. आमच्या घरात ती नव्हती. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात अक्कलकोटकडच्या खेड्यातून चालत सोलापुरात आले आणि मिशनच्या आश्रयाला राहिले. आई-बाप वाटेतच गेले होते. गावाकडचं घर वेशीबाहेरचं, एवढं सांगितलं की पुरे. त्या घरात दिवाळीला तेल दिव्यापुरतं मिळालं तरी खूप, कढईत ओतायला कुठून येणार? पुढे पणजोबा गिरणीत साच्यावर लागले, लग्न झालं, दोन पैसे हातात खेळायला लागले, आणि पणजीने आयुष्यातली पहिली करंजी तळली ती नाताळाला. शिकवली शेजारच्या पद्मशाली बाईने. ती तिला कज्जिकायलू म्हणायची. पणजीकडे कातण नव्हतं, तिने कडा बोटाने मुडपल्या. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा "सारण काय, ह्या नखाला लागंल एवढं" म्हणून करंगळीचं टोक पुढे करायची. आमच्याकडे अजूनही करंजीला कातण लावत नाहीत, मुरडच घालतात. त्या मुरडीला तुम्ही झेरॉक्स म्हणालात.

म्हणून लागलं. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण ठाऊक नसताना माणूस विचारतो, शिक्का मारत नाही.

बरं, दिवाळीची नको, साहेबाची नक्कल केली असती तर तुमच्या मते अस्सल नाताळ झाला असता का? तेही बघू. सोलापुरात काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं. बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, ते न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, कडक प्युरिटन पंथाच्या वळणाचे. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता. तो १६८१ साली उठला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं तिथले पुष्कळ लोक २५ डिसेंबरला नेहमीसारखे कामावर जात. म्हणजे ज्यांच्याकडून शुभवर्तमान आमच्यापर्यंत आलं त्यांच्या पूर्वजांकडेच नाताळ धड नव्हता. मग आम्ही काय त्यांच्या रिकाम्या ताटाची नक्कल करायची? तुम्ही जाहिरातीत बघता ते झाड जर्मनांचं. विलायतेत ते घरोघर पोचलं १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या घरातल्या झाडाचं चित्र छापून आल्यानंतर. आमच्या दारातला 'कंदील' म्हणजे कागदी तारा. तसा तारा जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या एका शाळेत भूमिती शिकवताना पहिल्यांदा केला गेला. तुमच्या डोळ्यांना तो कंदील दिसला, दिसू दे. गोव्यात ख्रिस्ती घरी नाताळाच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, नेवऱ्या (आपल्या करंज्याच) असतात आणि हिंदू घरी चतुर्थीला त्याच नेवऱ्या. तिथल्या बायका एकमेकींना झेरॉक्स म्हणत असतील असं वाटत नाही.

आणि दिवाळीत नसलेलं असं काहीच तुम्हाला लेखात सापडलं नाही? मधल्या भागात होतं. तिथवर पोचला असाल तर. लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय आहेत, म्हणून आमच्याकडे १ डिसेंबरपासून रोज रात्री जेवणानंतर एक अध्याय वाचतात. टीव्ही बंद. आई मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र उशीवर ठेवून बसते, कारण मांडीवर धरलं की हात दुखतात. ज्याची पाळी तो वाचतो. ३ तारखेला येशूची वंशावळ येते, हा याचा, तो त्याचा, आदामापर्यंत. त्या दिवशी माझ्या मुलाला हमखास पोटात दुखतं. एकदा भाचीने ती सगळी नावं लोकलच्या स्टेशनांसारखी एका दमात म्हणून दाखवली, आई हसली आणि मग हसल्याबद्दल स्वतःलाच रागावली. आणि २४ तारखेच्या रात्री, बाहेर सगळीकडे गव्हाणी आणि बाळ, तेव्हा आमच्या घरात चोविसावा अध्याय चालू असतो : रिकामी कबर आणि उठलेला येशू शिष्यांना भेटतो ती अम्माऊसची वाट. वडिलांना हे बरोबर वाटायचं. म्हणायचे, गोष्ट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बारसं कसलं करता. यात कुठल्या सणाची प्रत दिसते, ते जरूर कळवा.

इतकं सगळं एका वाक्यासाठी लिहिलं, कारण ते वाक्य तसंच होतं. बाकीचं थोडक्यात.

"मग तळतंय कोण?" हा प्रश्न हल्ली कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतो. आमच्या घरात कुणावर सक्ती नाही. सौ. आणि आई मिळून करतात, बहीण होटगी रोडवरून सकाळीच येते, त्यांच्या गप्पा चालतात, त्यांना त्यात आनंद असतो. सौ.ला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटली नसावी. आणि मी काय हातावर हात ठेवून बसतो? नानकटाईचं सगळं माझ्याकडे आहे. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर सौ. मोजून डब्यात भरून देते, तो डबा स्कूटरवर पायाशी धरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचा, झाकणाला नावाची चिठ्ठी लावायची आणि नंबराला उभं राहायचं. नाताळाच्या आधी तिथे ही गर्दी असते. गोळे पत्र्यावर मांडले की डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, नाहीतर तुमची नानकटाई भलत्याच घरी जाते आणि कुणाची तरी वनस्पती तुपातली तुमच्या डब्यात येते. घरी येईपर्यंत अंगाला वेलदोड्याचा वास लागलेला असतो. हे काम नाही का? लेखात लिहिलं नाही, कारण मला स्वतःची टिमकी वाजवायची सवय नाही.

कॅरलचं म्हणाल तर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाकडे ढोलकी, टाळ आणि गळ्यात अडकवलेली पेटी असते. स्पीकर नसतो. तुमच्या गल्लीत कोण आलं होतं मला माहीत नाही, आणि शहरातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या आवाजाची जबाबदारी माझी नाही. आमचं सांगतो. याच दिवसांत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचा, सराव रस्त्यावर चालू असतो. मागे एकदा आमची पोरं गात निघाली आणि समोरून सरावाची काठी आली. एवढी उंच काठी पेलणाऱ्याला मधेच थांबता येत नाही, हे सोलापूरच्या पोराला सांगावं लागत नाही. आमची पोरं भिंतीला लागून गप्प उभी राहिली, काठी पुढे गेली, मागच्या एकाने जाता जाता "म्हणा की आता" म्हणून हात केला, आणि पोरांनी सोडलेल्या कडव्यापासून पुन्हा उचललं. झोप तेव्हाही कुणाची तरी मोडली असेल. शहरात राहायचं म्हटल्यावर तेवढं चालायचं.

नावाबद्दल एकच. मी इथे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट लिहितो. स्पष्ट बोलायची इतकी हौस आहे तर तुम्हीही नाव लावा. लावलं नाहीत तरी प्रतिक्रिया काढणार नाही, ती आहे तिथेच राहील.

आणि राग धरू नका. नाताळाच्या आठवड्यात घरी या, मुरडीची करंजी हातात देतो, मग झेरॉक्स म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. फक्त २२ आणि २३ ला येऊ नका. ते दोन दिवस पहाटेपासून तळण असतं, सौ.ला मान वर करायला फुरसत नसते आणि पाहुण्यांना चहा कोण करणार हा प्रश्न येतो.