पैसे आपले, पिक्चर त्यांचा

परत तेच! आईला तिचं आवडतं नाटक लावून द्यावं म्हटलं, तर अ‍ॅप म्हणतं, ‘हा कार्यक्रम आता उपलब्ध नाही.’ अरे, गेल्या महिन्यापर्यंत होता की! कुणाचा तरी कुणाशी तरी करार संपला म्हणे. वर्षाची वर्गणी मात्र आगाऊ कापलेली.

वर्गणीचं सोडा, पूर्ण पैसे मोजून ‘खरेदी’ केलेलंही आपलं नसतं. मिळतो तो बघायचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आलाय, डिजिटल दुकानांनी हे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगायचं. आपण आपले डोळे मिटून ‘सहमत आहे’ दाबायचं.

२००७ मध्ये मोझर बेअर कंपनीची व्हीसीडी, म्हणजे पिक्चरची डिस्क, २८ रुपयांना मिळायची. अठ्ठावीस! पिक्चर ऐन रंगात आला की उठून दुसरी डिस्क टाका, चरा पडला की हिरॉइनच्या तोंडाचे चौकोन, मग बनियनला पुसून पुन्हा घाला. कटकट होतीच. पण कपाटातली डिस्क रातोरात गायब व्हायची नाही. (शेजारच्या काकू मागून न्यायच्या आणि विसरायच्या, तेवढं सोडून.)

आता मुंबईतलं काळा घोड्याचं सीडी-डीव्हीडीचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, २०१६ लाच बंद झालं, आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागितला, तर दुकानातला पोरगा म्हणतो, “काका, पेनड्राइव्ह घ्या ना!”

अरे बाळा, त्यात व्हीसीडी कुठून घालू?