एक ब्रास वाळू

माझ्या पाळणाघरात तान्हं कुणी नाही. दुपारी शाळेच्या रिक्षातून उतरणारी सात मुलं आहेत, पहिली ते पाचवीतली. तान्हं बाळ ठेवावं तिथं राहतं. ही मुलं ठेवावीत ती जागा सोडून बाकी सगळीकडं असतात.

"मुलांनी रोज किमान ६० मिनिटं दम लागेल असं खेळलं पाहिजे, जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते," असं एका आईनं मला बजावलं. संघटनेचं काय जातंय! दम मला लागतो.

पण म्हटलं, अंगण आहे, आंबा आहे, खेळणी आणू. प्लास्टिकची लाल-पिवळी घसरगुंडी घेतली. खोक्यावर बारीक अक्षरात 'वय २ ते ५' छापलेलं मी घरी येऊन, चष्मा लावून वाचलं. तिसरीतला एक गडी घसरायच्या बाजूनं दोन ढांगांत वर चढला आणि म्हणाला, "काकू, बारकी हाय ओ ही!" दुसऱ्या दिवशी ती आडवी पडली होती. गोलचा एक खांब झाली होती. दुसरा खांब माझी तुळस.

इथं कोल्हापुरात फुटबॉलपुढं इलाज नाही. ज्या गावात संघांची नावं तालमींची आणि खेळ फुटबॉलचा, तिथं मी कोण? चौथीतली एक मुलगी तर आल्या आल्या दप्तर टाकून ओरडते, "काकू, मी गोली थांबतो!" (आमच्या पोरी अशाच बोलतात. पुण्याची नणंद अजून दचकते.) परवा एक बाबा म्हणाले, "उद्या पीटीएम आहे, पोराला दोनलाच नेतो." मला वाटलं, शाळेत पालकांची सभा. दुसऱ्या दिवशी बापलेक शाहू स्टेडियमकडं निघालेले दिसले, तेव्हा उलगडलं की पीटीएम म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ.

मग झोपाळा. गॅरेजमधून जुना टायर आणला, आतलं पाणी काढून टाकायला खाली भोकं पाडली, नाहीतर डासांचंच पाळणाघर व्हायचं. तेवढ्यात ह्यांनी कुठंतरी वाचलं, की झोपाळ्याखाली ९ ते १२ इंच भुसभुशीत वाळू हवी आणि भोवती सहा-सहा फूट मोकळं. टेप घेऊन सगळं अंगण मोजलं. शेवटी माझी कपड्यांची दोरी गच्चीवर गेली आणि दारात एक ब्रास वाळू आली. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट! गल्लीतल्या चौघींनी विचारलं, "वर मजला चढवताय काय?"

टायरवर पहिले दोन दिवस रांग. तिसऱ्या दिवशी टायर एकटाच लोंबकळत होता आणि खाली वाळूत दोघे शर्ट काढून, मांडीवर थाप मारून उभे. बाकीचे पंच.

भिंतीपलीकडचे आजोबा एकेकाळचे पैलवान. आमचे चार चेंडू सध्या त्यांच्या ताब्यात आहेत. आरडाओरडा ऐकून ते फाटकात आले. म्हटलं, आता पाचव्या चेंडूचा निकाल लागणार. पण ते वाळूकडंच बघत राहिले.

"वाळूत कुस्ती? पोरांची अंगं सोलून निघतील की! शाहू महाराजांनी खासबाग मैदान काय वाळू टाकून बांधलं?"

"आजोबा, ती झोपाळ्याखाली..."

"झोपाळा र्‍हाऊ दे. तो कोपरा मोकळा करा."

संध्याकाळी लाल मातीची चार पोती आली. मागोमाग आजोबा, खांद्यावर टॉवेल टाकून. मातीत कालवायला हळद मागितली, तेल मागितलं, लिंबं मागितली. देव्हाऱ्यातला कापूर मी न मागताच दिला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "ताक किती हाय घरात?"

कढीसाठी घुसळलेलं पातेलं मी निमूट बाहेर नेलं.

सहाला त्या साठ मिनिटंवाल्या आई आल्या. त्यांचा मुलगा नखशिखांत पिवळा-तांबडा होऊन समोर उभा. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काकू, ह्याला हळद कुणी लावली?"