बटण दाबलं की विमान उतरतं, म्हणे!

नागपूर विमानतळाशेजारच्या सोनेगावात राहणाऱ्याला डोक्यावरून जाणाऱ्या विमानांबद्दल मत असतंच. सध्या मोबाइलवर फिरतंय ते असं: ‘नव्या विमानांत कॉम्प्युटर आहे, जमिनीवरचे, दिशा दाखवणारे रेडिओ बीकन भंगार झाले. बीकनचा ॲप्रोचही आता आयएलएससारखाच आपोआप होतो, वैमानिकाने फक्त बघत बसायचं.’ (ॲप्रोच म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, आयएलएस म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ किरणांवर विमान उतरवणारी यंत्रणा.) राजेहो, यातलं अर्धं खरं आहे, घोळ तिथेच आहे.

खरं ते आधी. एनडीबी म्हणजे साधा जुना रेडिओ बीकन, त्याची दिशा दाखवणारा विमानातला काटा बेभरवशाचाच. मृगाच्या तोंडावर नागपुरात विजा कडाडायला लागल्या की तो बीकन सोडून ढगाकडे वळतो. बीकन बंद पडला तरी काटा काही सांगत नाही. कानात बीकनची मोर्समधली (टिंब-रेघांची) ओळखखूण ऐकत राहावी लागते. त्यापुढे एफएमएसची, म्हणजे विमानातल्या मार्ग आखणाऱ्या कॉम्प्युटरची, रेषा कितीतरी सरळ.

पण ‘आयएलएससारखाच’? आयएलएसला उताराचा किरण जमिनीवरून मिळतो. एनडीबी आणि व्हीओआर (दुसऱ्या प्रकारचा बीकन) उंचीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पडद्यावरचा ३ अंशांचा उतार कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून स्वतः रचतो. दाब चुकीचा भरला तरी उतार तितकाच देखणा दिसतो, असतो मात्र भलतीकडे. दाबात १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत साधारण २८ फुटांची. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोलला एका एअरबस ए३२० विमानाच्या वैमानिकांना दाब १००१ ऐवजी १०११ सांगितलं गेलं. ॲप्रोच सॅटेलाइटचा होता, उंची मात्र दाबावरूनच. धावपट्टी अजून पुढेच होती, आणि विमान जमिनीपासून ६ फुटांवर!

आपल्या ४५ अंश सेल्सिअसच्या दुपारी उलटं होतं. हवा फुगलेली, त्यामुळे कॉम्प्युटरचे ३ अंश प्रत्यक्षात ३.३ च्या आसपास भरतात. कडाक्याच्या थंडीत विमान दाखवतं त्याहून खाली असतं. दाबावर रचलेल्या ॲप्रोचच्या नकाशावर तापमानाची मर्यादा छापतात ती यासाठीच.

आणि ‘बघत बसायचं’? १४ ऑगस्ट २०१३, अलाबामातलं बर्मिंगहॅम. यूपीएसचं मालवाहू ए३००, लोकलायझर ॲप्रोच, म्हणजे आयएलएसचा फक्त दिशेचा किरण, उताराचा नाही. एफएमएसमधल्या मार्गात राहिलेला तुटक दुवा कुणी काढला नाही, म्हणून उताराची रेषा जुळलीच नाही. मग वैमानिकांनी खाली येण्याचा दर स्वतः लावला, धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्याखाली जायचं नाही त्या किमान उंचीकडे लक्ष राहिलं नाही. दोघेही गेले.

भंगार म्हणता तो काटा बीकनच्या ॲप्रोचला आजही समोर ठेवतात, रेषेशी ताडायला. एनडीबीला ५ अंशांची मुभा. त्यापलीकडे गेला तर विमान वर न्यायचं. उताराचा ताळाही तोंडी: वेग १४० नॉट (ताशी सागरी मैल), गुणिले ५, मिनिटाला ७०० फूट.