जगच नाय, तर लायटीचा बिल कित्याक येता?

गेले आठ दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय, आधी वाडीच्या ग्रुपवर आला, मग भजनाच्या, मग दहावीच्या बॅचच्या, आणि काल नानांनी तो तिसऱ्यांदा टाकला आणि खाली लिहिलं 'यावर कोणाकडे उत्तर असेल तर सांगा'. म्हटलं ठीक आहे नाना, सांगतो, रागावू नका.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय की कोणी बघत नसेल तर जग नसतं, आइनस्टाइननेही चंद्राबद्दल हेच कबूल केलं. अणू 99.99 टक्के पोकळ असतो म्हणून वस्तू म्हणजे भास. 2022 चं नोबेल 'जग खरं नाही' हे दाखवल्याबद्दलच दिलं. शंकराचार्यांनी हे आधीच सांगून ठेवलंय की जग म्हणजे स्वप्न, आणि सगळं भारतीय तत्त्वज्ञान एकमुखाने हेच सांगतं. पाश्चात्यांना जडापलीकडे कधी काही दिसलंच नाही, आणि जे दिसलं ते आपल्याकडून चोरलेलं. तेव्हा कर्ज, आजारपण सगळा मनाचा खेळ, टेन्शन सोडा. पुढे हात जोडलेले तीन इमोजी.

मी हे काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे काढत होती, मान वर न करता म्हणाली, "जगच नाय, तर लायटीचा बिल कित्याक येता रे?" घरात सगळे हसले. पण खरं सांगू, हे उत्तर पटतं तरी पुरत नाही. 1763 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन्सन नावाच्या लेखकाने असंच केलं होतं, बर्कली या तत्त्वज्ञाचं मत ऐकून त्याने एका मोठ्या दगडाला लाथ मारली आणि म्हणाला हे घ्या खंडन. आता बर्कलीने दगड लागत नाही असं कुठे म्हटलं होतं? त्याचं म्हणणं एवढंच की दगड म्हणजे आपल्याला जे दिसतं, लागतं, जाणवतं तेच, त्याच्यामागे लपलेलं 'जडद्रव्य' म्हणून वेगळं काही मानायची गरज नाही. लाथ मारून ते कसं खोडणार. म्हणून एकेक मुद्दा घेऊ, क्रम थोडा इकडेतिकडे होईल.

पोकळ अणूवाला आधी घेतो कारण तो माझ्या धंद्यातला आहे. आमचा चिऱ्यांचा धंदा, पोकळपणाबद्दल मला कोणी शिकवू नये. जांभ्याचा चिरा हातात घेऊन बघा, नुसती भोकं, काहींतून तर काडी आरपार जाते, पावसात पाणी पितो, खाणीतून नुकता काढलेला असेल तर सहज तासता येतो आणि वारा लागला की टणक होतो. त्याच भोकाभोकांच्या चिऱ्यावर आमचं अख्खं घर उभं आहे. चिऱ्यात भोकं आहेत हे कळलं म्हणून 'घर नाही' असं कोणी म्हणतं का? अणूचंही तसंच. रदरफर्डने 1911 मध्ये दाखवलं की अणूचं जवळजवळ सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं, ते अणूच्या व्यासाच्या फार तर 10,000 वा भाग, काही वेळा त्याहूनही लहान. पण उरलेली जागा म्हणजे रिकामी खोली नव्हे, इलेक्ट्रॉन तिथे पसरलेले असतात, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत कोंबता येत नाहीत हा पाउलीचा 1925 चा नियम. त्याच नियमामुळे पदार्थ स्वतःतच कोसळत नाही, हे डायसन आणि लेनार्ड यांनी 1967 मध्ये गणिताने सिद्ध केलं. म्हणजे फिजिक्सने टणकपणा खोटा ठरवला नाही हो, तो कुठून येतो ते सांगितलं. गंमत म्हणजे हा घोळ नवीन नाही. एडिंग्टन नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने 1927 च्या व्याख्यानांत म्हटलं की माझ्यासमोर दोन टेबलं आहेत, एक रोजचं घट्ट आणि एक विज्ञानाचं, बहुतेक रिकामं, आणि खरं ते दुसरं. त्यावर सुझन स्टेबिंग या तत्त्वज्ञ बाईंनी 1937 मध्ये त्याला धुतला. त्यांचा मुद्दा असा की 'घट्ट' हा शब्द आपण शिकलो तोच फळी, जमीन, दगड यांच्यावरून, मग फळीच घट्ट नाही म्हणालात तर घट्ट या शब्दाला अर्थ काय उरला? मला विचाराल तर या एका प्रश्नात अर्धा फॉरवर्ड संपतो.

आता क्वांटम. सगळा गोंधळ 'ऑब्झर्व्हर' या शब्दाचा. फिजिक्समध्ये निरीक्षण म्हणजे कोणीतरी डोळे उघडून बघणं नव्हे, कणाचा दुसऱ्या कशाशी तरी असा संबंध येणं की त्याची माहिती बाहेर उमटते. व्हिएन्नामध्ये झायलिंगर यांच्या टीमने 1999 मध्ये 60 कार्बन अणूंचे रेणू घेऊन त्यांच्यात लाटेसारखं वागणं दाखवलं, आणि 2004 मध्ये तिथेच 70 कार्बनवाले रेणू आणखी तापवले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो, त्या प्रकाशातून तो कुठून गेला ते फुटतं, आणि लाटांची नक्षी पुसली जाते. बघायला कोणी साधू नाही, शास्त्रज्ञ नाही, नुसती उष्णता. मनामुळे हे घडतं असं म्हणणारे होते, नाही असं नाही, युजीन विग्नर यांनी 1961 मध्ये तसं लिहिलं होतं, पण पुढे त्यांनीच ते सोडलं.

आणि आइनस्टाइनचा चंद्र! अहो तो प्रश्न त्याने चिडून विचारला होता. अब्राहम पाइस नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने आठवण लिहून ठेवलीय, फिरायला जाताना आइनस्टाइन मध्येच थांबला आणि म्हणाला, तू बघतोस तेव्हाच चंद्र असतो असं खरंच वाटतं का तुला? म्हणजे 'असं कसं असेल' या अर्थाने. त्याच्या समोर बसून उलटी बाजू मांडली ती रवींद्रनाथांनी, 14 जुलै 1930 ला, बर्लिनजवळच्या कापुथच्या घरी. टागोर म्हणत होते की सत्य माणसाशिवाय वेगळं नसतं, आइनस्टाइन शेवटपर्यंत कबूल झाला नाही. फॉरवर्डवाल्याने टागोरांचं मत आइनस्टाइनच्या तोंडी घातलं.

नोबेलचं थोडं किचकट आहे, जपून सांगतो. समजा माझ्या चपलांचा जोड मी दोन पिशव्यांत टाकला, एक पिशवी कोकणकन्येने मुंबईला गेली आणि एक कुडाळात राहिली. मुंबईवाल्याने उघडली, डावी निघाली, त्याला तिथल्या तिथे कळलं की कुडाळात उजवी आहे. यात जादू नाही, कारण कुठली कुठे हे गाडी सुटायच्या आधीच ठरलेलं होतं. जॉन बेल यांनी 1964 मध्ये दाखवलं की जोडीने जन्मलेले कण जर असेच, म्हणजे आधीच ठरलेले असतील आणि लांबचं एकमेकांवर लगेच परिणाम करत नसेल, तर मोजमापांचा मेळ एका मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही. आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांच्या प्रयोगांत तो मर्यादेबाहेर गेला, त्याचं हे नोबेल. म्हणजे कण चपलांसारखे नाहीत एवढं नक्की. 'लोकल' आणि 'रिअल' या दोन गोष्टी एकत्र धरता येत नाहीत, 'लोकल' म्हणजे लांबचं एकमेकांवर लगेच परिणाम न करणं, आणि इथला 'रिअल' म्हणजे फक्त 'उत्तर मोजायच्या आधीच ठरलेलं असणं'. डेव्हिड बोमने तर 1952 मध्येच कणांना पक्की जागा देणारी मांडणी केली होती, त्याने 'लोकल' सोडलं आणि 'रिअल' ठेवलं. मग 'जग खरं नाही हे सिद्ध झालं' कुठून आलं? मोजायचं यंत्र, प्रयोगशाळा, कण, नोबेलची रक्कम, हे सगळं होतंच की.

आता मुख्य मुद्दा. याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

शंकराचार्यांनी जग स्वप्न आहे म्हटलं, असं फॉरवर्ड म्हणतो. त्यांचंच ब्रह्मसूत्रभाष्य काढा, म्हणजे ब्रह्मसूत्रांवर त्यांनी लिहिलेलं स्पष्टीकरण, दुसरा अध्याय, दुसरा पाद, सूत्र 28 आणि 29. समोर विज्ञानवादी बौद्ध आहेत, त्यांचं म्हणणं बाहेर वस्तू नाहीतच, आहे ती फक्त जाणीव. म्हणजे जवळजवळ आपला फॉरवर्डच. सूत्र म्हणतं, 'नाभाव उपलब्धेः', वस्तू नाहीत असं नाही, कारण त्या अनुभवाला येतात. त्यावर आचार्य लिहितात की हे म्हणजे एखाद्याने जेवता जेवता, पोट भरतंय हे स्वतःला कळत असताना, 'मी जेवत नाही आणि माझं पोटही भरत नाही' असं म्हणण्यासारखं आहे. पुढचं सूत्र तर सरळच, 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्', जागेपणी दिसतं ते स्वप्नासारखं नाही, दोन्हींत फरक आहे, स्वप्न जागं झाल्यावर खोटं ठरतं, समोरचा खांब तसा ठरत नाही. नाना, तुमच्या फॉरवर्डला आचार्यांनी स्वतःच उत्तर देऊन ठेवलंय.

मग आचार्यांच्या अद्वैतात जगाला 'मिथ्या' म्हणतात, ते काय? माझ्यावर बेतलेलं सांगतो. जुलैत लाइट गेलेली, पडवीत काळोख, पायाशी वेटोळं दिसलं, मला वाटलं फुरसं. मागे उडी मारली ती उंबऱ्यावर, नडगी सोलवटली. टॉर्च आणला तर सुंभ, शहाळी बांधायचा. आता साप नव्हता, पण 'काहीच नव्हतं' असंही नव्हतं, सुंभ होता, आणि सुंभ होता म्हणून तर साप दिसला. सशाचं शिंग कधी कोणाला काळोखात दिसत नाही. अद्वैताची भाषा अशी की सशाचं शिंग असत्, ब्रह्म सत्, आणि मिथ्या म्हणजे या दोन्हींत न बसणारं, दिसतं तर खरं पण दुसऱ्याच्या आधारावर. त्यातही पायऱ्या, सापाची प्रातिभासिक, म्हणजे नुसती भासणारी, सुंभाची व्यावहारिक, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती खरी, आणि ब्रह्माची पारमार्थिक, म्हणजे शेवटची खरी. फॉरवर्डने मधली पायरीच खाल्ली आणि सुंभाला सापाच्या रांगेत बसवला. माझी नडगी मात्र खऱ्या सापाला भिऊन सोलली असती तशीच सोलली होती, आणि खोट्या कारणाने खरा परिणाम होतो हेही भाष्यात आहे, विषाच्या नुसत्या संशयाने माणूस मरतो असं उदाहरण दिलंय.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कोणी पकडेल. आचार्यांच्या गुरूंचे गुरू मानले जाणारे गौडपाद, त्यांच्या कारिकांमध्ये जागेपण आणि स्वप्न खरंच एका पंक्तीत बसवलंय. खुद्द आचार्यही दुसऱ्या एका ठिकाणी स्वप्नाचा दाखला देतात, पण तिथे म्हणणं असं की जाग येईपर्यंत स्वप्नातला व्यवहार जसा खरा, तसा ब्रह्मज्ञान होईपर्यंत जगातला सगळा व्यवहार खरा. पुढे अद्वैतातच दृष्टिसृष्टिवाद निघाला, म्हणजे बघणं हेच जगाचं घडणं, तो फॉरवर्डच्या बराच जवळ जातो. तो मांडायचा तर खुशाल मांडा, पण त्याच्या नावाने मांडा.

'सगळं भारतीय तत्त्वज्ञान एकमुखाने' हे वाचून तर हसूच आलं. आमच्याकडे सारस्वतांत काही घरं कवळे मठाची, स्मार्त, म्हणजे अद्वैतवाली, आणि काही पर्तगाळी मठाची, वैष्णव, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैतवाली. मध्वाचार्यांच्या मते जग पूर्ण खरं, वर ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच भेदही खरे. म्हणजे एका वाडीत शेजारीशेजारी राहणारी, एकमेकांकडे मुली देणारी माणसं या प्रश्नावर दोन टोकाला, आणि फॉरवर्ड म्हणतो एकमुखाने! सांख्यांना प्रकृती खरी, न्याय-वैशेषिकवाल्यांना परमाणू खरे, रामानुजांना जग म्हणजे ईश्वराचं शरीर, कुमारिलभट्ट तर 'स्वप्नासारखं' म्हणणाऱ्यांवर तुटूनच पडले. आणि आपले ज्ञानोबा? अमृतानुभवाचं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं, म्हणजे ज्या अज्ञानामुळे जग दिसतं म्हणतात ते अज्ञानच सिद्ध होत नाही, जग म्हणजे त्या एका चैतन्याचाच विलास. एकादशीला हरिपाठ म्हणायचा आणि सोमवारी जग भास म्हणून फॉरवर्ड करायचं, बघा बुवा.

पाश्चात्यांचं लवकर आटपतो. 'त्यांना काही दिसलंच नाही' आणि 'त्यांनी चोरलं' ही दोन वाक्यं एकाच मेसेजमध्ये, पाठवणाऱ्याने तरी वाचायला हवी होती. गुहेत बसून भिंतीवरच्या सावल्यांना खरं मानणारी माणसं प्लेटोची, बर्कलीचं पुस्तक 1710 चं, आणि कांटने 1781 मध्ये लिहिलं की आपल्याला कळतं ते आपल्या मनाच्या चौकटीतून आलेलं जग, वस्तू मुळात कशी आहे ते नाही. हे त्याने उपनिषदांतून चोरलं म्हणावं तर दारा शिकोहने 1657 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरावरून उपनिषदं लॅटिनमध्ये आली तीच 1801-02 मध्ये, म्हणजे कांटच्या पुस्तकानंतर 20 वर्षांनी. शोपेनहावरने ती वाचली, आणि त्याने ते लपवलं नाही, जाहीर ऋण मानलं. उलटं बघायचं तर आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना कांट आणि वेदान्त शेजारी ठेवून वाचले, आणि तेवढं करून काढलं काय, तर कर्मयोग.

मला खटकतं ते वेगळंच. अद्वैताला नोबेलचं सर्टिफिकेट कशाला लागतं? उद्या फिजिक्सची मांडणी बदलली, तर आचार्य खोटे ठरणार का?

राहिलं टेन्शन सोडायचं. नाना, गेल्या वर्षी अवकाळी पावसात तुमचा मोहोर गळला तेव्हा तुम्ही पंचनाम्यासाठी किती खेपा घातल्यात ते मी बघितलंय, दोनदा तर माझ्याच गाडीवरून गेलात. तेव्हा मोहोर भास नव्हता आणि कलमंही भास नव्हती. बीपीच्या गोळ्याही तुम्ही वेळेवर घेता, ते बरोबरच करता. पण हाच मेसेज आपल्या ग्रुपवर अशा एकदोघांनी वाचलाय ज्यांना गोळ्या बंद करायला कारणच हवं असतं, म्हणून तेवढी शेवटची ओळ तरी डिलीट करा.

काकीचं बिल 1,140 आलंय, उद्या शेवटची तारीख. व्यावहारिक पायरीवर आधी ते भरून येतो, बाकीचं संध्याकाळी तुमच्या खळ्यात बसून बोलू.