सुक्या शेंगा म्हणजे शिळ्या शेंगा नव्हेत : एका अभिप्रायास उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या नौपाड्यातील दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी वाचला. घरी व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे शेंगा मद्यात मुरवून काढलेला अर्क, करण्यासाठी आपण आमच्याकडून नेलेल्या व्हॅनिलाच्या शेंगांमुळे आपला हिरमोड झाला, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. मात्र ‘नवखे गिऱ्हाईक पाहून सुकलेला, शिळा माल गळ्यात मारला’ असे जे वाक्य आपण सर्वांसमोर लिहिले आहे, त्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. हे छोटे दुकान घरून केक करून विकणाऱ्या भगिनींच्या विश्वासावर चालते, नाताळच्या मागण्या नोंदवण्याचे हेच दिवस आहेत, आणि आपला अभिप्राय झळकल्यापासून जुन्या ग्राहकांचेही ‘शेंगा ताज्या आहेत ना?’ असे फोन येऊ लागले आहेत.

इतर वाचकांसाठी आपली तक्रार थोडक्यात सांगतो. आपण १५ ग्रॅमचे पाकीट ४५० रुपयांना घेतले, त्यात पाच शेंगा निघाल्या. त्या चिरून आपण ७५० मिलीलीटर व्होडकाच्या बाटलीत टाकल्या. तीन आठवड्यांनी रंग फिकट आणि वास मद्याचाच राहिला. आपल्या मैत्रिणीकडच्या शेंगा मऊ व तेलकट होत्या, आमच्या मात्र सुक्या, टोकाला फुटलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ‘पांढरी बुरशी’ होती, असे आपण लिहिले आहे.

आपण दुकानात आलात तेव्हा काउंटरवरील आमच्या सहकारी मुलीने आपल्याला पहिला प्रश्न हाच विचारला होता की शेंगा कशासाठी हव्या आहेत. आपण एक्स्ट्रॅक्टसाठी म्हणालात, म्हणून तिने बी ग्रेडची, म्हणजे कमी ओलाव्याच्या शेंगांची, बरणी उघडली. शेजारीच ए ग्रेडची बरणी होती, आणि त्या शेंगा महाग असल्यामुळे त्या विकण्यात आमचा फायदाच अधिक होता. ए ग्रेडच्या शेंगेत साधारण ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. ती मऊ व चकचकीत दिसते, आणि सुरीच्या पाठीने तिच्यातील काळे बी खरवडून कस्टर्डमध्ये किंवा आइस्क्रीममध्ये घालायचे असेल, तर तीच घ्यावी. बी ग्रेडमध्ये ओलावा १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. एक्स्ट्रॅक्टसाठी शेंगेतल्या बिया खरवडायच्या नसतात, संपूर्ण शेंग महिनोन्‌महिने मद्यात मुरवायची असते, आणि तिथे शेंगेतले पाणी काहीच कामाचे नसते. आपल्या १५ ग्रॅमच्या पाकिटात २० टक्के ओलावा धरला, तर १२ ग्रॅम खरी शेंग आपल्या हाती आली. त्याच वजनाच्या ए ग्रेडमध्ये ती जेमतेम १० ग्रॅम भरली असती आणि उरलेल्या पाण्याचे पैसे आपण अधिक दराने मोजले असते. सरबताला रसरशीत रातांबे लागतात आणि आमटीला आमसूल लागते, पण म्हणून आमसुलाला कोणी शिळा रातांबा म्हणत नाही.

‘ताजी शेंग’ ही अपेक्षाही मी नम्रपणे दुरुस्त करू इच्छितो. वेलीवरून नुकतीच उतरवलेली हिरवी व्हॅनिला शेंग हुंगून पाहिली, तर तिला तो वास जवळपास नसतोच. ती काही मिनिटे गरम पाण्यात बुडवून काढतात, मग कांबळ्यात गुंडाळून घाम येऊ देतात, आठवडेच्या आठवडे रोज थोडा वेळ उन्हात आणि उरलेला वेळ सावलीत वाळवतात, आणि त्यानंतर बंद पेट्यांत काही महिने मुरवतात. या सगळ्या खटाटोपात शेंगेतील व्हॅनिलिन, म्हणजे तिच्या सुगंधाचे मुख्य द्रव्य, मोकळे होते आणि तेव्हा कुठे सुगंध येतो. सुकणे हाच तिच्या सुगंधाचा मार्ग आहे. खरोखर जुनी झालेली शेंग वेगळी ओळखू येते : ती बोटाभोवती गुंडाळू लागताच कट्‌कन मोडते आणि हुंगली तर काडीसारखी निर्जीव लागते. आपली शेंग वजनकाट्यावर ठेवण्यापूर्वी त्या मुलीने ती आपल्यासमोर तर्जनीभोवती वळवून दाखवली होती. ती वळली, मोडली नाही, आणि आपण स्वतः बरणीत नाक घालून ‘छान वास आहे’ असे म्हणाला होतात.

टोकाला फुटलेल्या शेंगेविषयी सांगायचे, तर वेलीवर पूर्ण पिकू दिलेली शेंग टोकाला उकलते. प्रतवारी करताना दिसण्याला महत्त्व असल्यामुळे तिला खालची प्रत मिळते, पण एक्स्ट्रॅक्टसाठी अशा शेंगा आम्ही मुद्दाम निवडून घेतो.

सर्वांत जास्त मनाला लागली ती ‘पांढरी बुरशी’. आपण टाकलेले छायाचित्र मी मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. त्यात शेंगेच्या पन्हळींमध्ये बारीक, सुईसारखे, चमकणारे कण स्पष्ट दिसतात. बुरशी अशी नसते. ती कापसासारखी लवदार, निस्तेज असते आणि तिला कुबट वास येतो. चमकणारे कण हे शेंगेतूनच बाहेर येऊन गोठलेल्या व्हॅनिलिनचे स्फटिक आहेत. शेंग उन्हात तिरकी धरली की ते लुकलुकतात आणि मद्यात ते विरघळून जातात. ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशीची धास्ती आम्हालाही असते, पण ती ओल्या ए ग्रेडला अधिक, आणि म्हणूनच त्या बरण्या मी स्वतः उघडून, एकेक शेंग उजेडात धरून तपासतो. स्फटिकांना बुरशी समजणे नवख्या माणसाच्या बाबतीत स्वाभाविक आहे, यात आपला दोष नाही. परंतु लिहिण्यापूर्वी एक फोन केला असता, तर खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानावर एवढा मोठा डाग पडला नसता.

आता फिकट रंगाविषयी. आपण वापरलेल्या व्होडकात काहीच गैर नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या व्होडकात मद्यार्क ४२.८ टक्के असतो आणि एक्स्ट्रॅक्टला किमान ३५ टक्के पुरतो. अडचण प्रमाणाची आहे. अमेरिकेत व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टचे जे कायदेशीर प्रमाण ठरलेले आहे, त्यानुसार एका लिटरला सुमारे १०० ग्रॅम शेंगा लागतात, म्हणजे आपल्या ७५० मिलीलीटरच्या बाटलीला ७५ ग्रॅम. आपण घातल्या १५ ग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा. प्रत्येक पाकिटात मराठीत छापलेली चिठ्ठी असते आणि त्यावर ‘१५ ग्रॅम शेंगांना १५० मिलीलीटर मद्य, किमान दोन महिने, शक्य तर सहा महिने, अंधाऱ्या कपाटात’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपण तीन आठवड्यांत बाटली उघडून निकाल दिलात. शिवाय बाजारातल्या इसेन्सच्या बाटलीत बहुतेकदा कृत्रिम व्हॅनिलिन आणि वरून घातलेला कॅरॅमलचा रंग असतो. त्या गडद रंगाशी घरच्या एक्स्ट्रॅक्टची तुलना करणे शेंगेवर अन्याय करणारे आहे.

किमतीबाबत आपण ‘लूट’ हा शब्द वापरला आहे. व्हॅनिलाचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. मूळच्या मेक्सिकोबाहेर त्याचे परागीकरण माणसाला हाताने करावे लागते. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर एदमाँ आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने १८४१ मध्ये त्याची सोपी रीत शोधली, ती आजही तशीच चालते. त्यानंतर शेंग पक्व व्हायला सुमारे नऊ महिने लागतात, आणि पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार माल निघतो. आमच्या शेंगा कर्नाटकातल्या आहेत. मादागास्करच्या नाहीत म्हणून त्या दुय्यम ठरत नाहीत. दोन्हीकडचा वेल एकाच जातीचा आहे, आणि मूळ स्थान आम्ही पाकिटावर लपवलेले नाही.

चिरून मद्यात भिजवलेल्या शेंगा परत घेणे कोणत्याही दुकानदाराला शक्य नाही, कारण त्या पुन्हा विकता येत नाहीत. आपण त्या परत करू पाहिल्यात तेव्हा आमच्या सहकारी मुलीने हेच सांगितले. आपण तिला ‘उर्मट’ म्हटले आहे. ती शांतपणे बोलत होती, आणि आवाज चढला तो तिचा नव्हता, हे त्या वेळी दुकानात असलेल्या इतर ग्राहकांनीही पाहिले आहे. तरीही आपल्याला तसे वाटले असल्यास मी तिच्याशी बोलेन, चिठ्ठीवरील अक्षरे मोठी करण्याचा विचार करू आणि इतरही योग्य त्या सुधारणा करू.

ती बाटली मात्र कृपा करून ओतून टाकू नका. त्या पाच शेंगा अजून पुष्कळ काही देणार आहेत. बाटली घेऊन दुकानात या. उरलेल्या ६० ग्रॅम शेंगा मी आपल्याला खरेदीच्या भावात देईन. तेवढ्या नको असतील, तर त्यातले १५० मिलीलीटर मद्य आणि पाचही शेंगा एका लहान बाटलीत काढून देतो आणि उरलेले मद्य आपण परत न्या. बाटलीवर तारीख घालून ती कपाटात ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा आणि शेंगा मद्याच्या वर उघड्या राहणार नाहीत एवढे पाहा. नाताळच्या केकसाठी ती घाईघाईने उघडू नका, होळीपर्यंत राहू द्या, आणि त्यानंतर आपल्याला जे वाटेल ते याच ठिकाणी जरूर लिहा. सोमवारी दुकान बंद असते. इतर दिवशी दुपारी चारनंतर मी स्वतः काउंटरवर असतो.

आपला नम्र,
दुकानमालक, नौपाडा, ठाणे